घारापुरीचा तो कॉल सेंटरवाला सिनेमा

प्रश्न : अमेरिकेतला साहेब आपल्याकडच्या आडबाजूच्या गावात येतो आणि तिथल्या माणसाशी त्याची गट्टी जमते, असा एक विनोदी इंग्रजी सिनेमा पाहिल्याचं आठवतं. गाव घारापुरी. सिनेमाचं नाव काय? आणि ही घारापुरी लेण्यांचीच का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तो ‘आउटसोर्स्ड’, 2006 चा, दिग्दर्शक जॉन जेफकोट. लेण्यांची घारापुरी रायगड जिल्ह्यातलं बेट. तिथं लाँचनं जावं लागतं. सिनेमातला अमेरिकी साहेब टॉड मात्र मुंबईहून रेल्वेनं पोचतो. म्हणजे नाव खरं, गाव कल्पनेतलं. तरी ती खच्चून भरलेली गाडी लातूर-नांदेडच्या प्रवाशाला ओळखीची वाटेल.

ही दोस्ती जमते ती मोठ्या अवघड जागी. सिएटलच्या कंपनीनं टॉडचं कॉल सेंटरचं अख्खं खातं भारतात हलवलंय आणि आपल्या जागी येणाऱ्या पुरोला काम शिकवायला त्यालाच धाडलंय. एकाचं पोट दुसऱ्याच्या पोटावर आलेलं. तरीही पुरो त्याला जीव लावतो, कारण दारी आलेला पाहुणा त्याच्यासाठी आधी पाहुणाच. पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसनं येणाऱ्या यात्रेकरूंची सवय असलेल्या नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको.

एक प्रसंग मला फार आवडतो. कंपनी बर्गरवर छाप उमटवायचा तापता शिक्का विकते. अमेरिकेत गुरांना असाच डाग देतात, हे टॉड सहज सांगून जातो आणि समोरची कॉल सेंटरमधली पोरं-पोरी हादरून बघत राहतात. विनोद इथं दोन्हीकडून होतो, कुणा एकाची टिंगल होत नाही. पुढे होळीच्या रंगात भिजल्यावर टॉड खऱ्या अर्थानं त्या गावात रुळतो.

पुरो साकारणारा आसिफ बसरा आपल्या अमरावतीचा. ‘ब्लॅक फ्रायडे’, ‘जब वी मेट’मध्ये तो दिसला, पण एवढी ऐसपैस भूमिका त्याला क्वचितच मिळाली. 2020 मध्ये तो गेला. सिएटलच्या महोत्सवात 2007 साली प्रेक्षकांनी या सिनेमाला सर्वोत्कृष्ट ठरवलं. आपल्याकडे मात्र त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, आणि बसरासाठी तरी ती घ्यायला हवी होती.

शोधताना एवढं सांभाळा : याच नावाची अमेरिकी मालिका 2010 मध्ये आली होती. त्यात हे कलाकार नाहीत. जेफकोटचं नाव पाहूनच सिनेमा लावा.