इसार देण्याआधी

मने, इसार दिला नाहीस ना अजून? मग चहा घेऊन बस आणि ऐक. मध्येच "ताई, पण" करू नकोस.

तू पाठवलेले फोटो मी तीनदा पाहिले. सपाट जमीन, मागे तिवरांची रांग, त्यापलीकडे मांडवी. कुणालाही मोह पडेल. पण खाली एजंटने लिहिलंय, "भरावाची सोय करून देऊ." ते वाचून माझी झोप उडाली. अगं, घर बांधायच्या जमिनीला भराव लागतो म्हणजे ती घराची जमीनच नव्हे. आपण खारेपाटातल्या मुली. मामाच्या शेताच्या बांधाला खांड गेली की सगळं घर रात्रभर चिखलात उभं असायचं, ते विसरलीस? दिवाडी बेटावरची ती सपाटी म्हणजे तसलंच खाजण आहे. नदीकाठाने मातीचा बांध, आत भात, आणि बांधात पाण्याची दारं. आपण त्यांना उघाडी म्हणायचो, इथे मानस म्हणतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. या व्यवस्थेवर अख्खं बेट तगून आहे. तू तिथे दहा ट्रक माती टाकलीस की तुझ्या वाटचं पाणी शेजारणीच्या शेतात जाऊन उभं राहणार. कायद्याचं म्हणशील, तर 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांत विकासकामांना स्पष्ट मनाई होती, आणि 2023 पासून गोव्यात भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावरही निर्बंध आहेत. तेव्हा एजंट काहीही म्हणो, आधी एक-चौदाचा उतारा आणि सनद माग. जावईबापूंना सांग, कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पाकीट खिशातून काढायचं नाही.

बेटावर फिरून बघशील तर कळेल, जुन्या लोकांनी जागेचा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. मधे टेकडी, माथ्यावर पिएदादची इगर्जी, उताराला घरं, खाली शेतं, शेतांच्या कडेला बांध, बांधाबाहेर खारफुटी. या क्रमात तुझी जागा उतारावर, जुन्या वस्तीत. नदी खिडकीतून दिसणार नाही कदाचित. पंधरा पावलं चाललीस की दिसेल. (बाकी सप्तकोटेश्वर मूळचा या दिवाडीचाच. त्याला नदी ओलांडून पलीकडच्या नार्व्याला जावं लागलं, आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा बांधून घेतलं. देवालाही इथली जागा कायमची लाभली नाही, आपण कोण!)

उतारावर बांधायचं म्हटलं की कंत्राटदार पहिल्यांदा जेसीबीची गोष्ट काढेल. तिथेच अडव त्याला. माझ्या घराच्या वेळी मी अडवलं नाही. मागची पडवी सरळ रेषेत हवी म्हणून मे महिन्यात उतार कापून घेतला. जूनच्या पहिल्या सरींना सगळी लाल माती ओहोळाने खाली गेली आणि शेजारच्या आजींच्या नुकत्याच पेरलेल्या तरव्यावर बसली. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. तेव्हा जोतं उताराप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी घे. स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली गेलं म्हणून काही बिघडत नाही. आणि खणायचं ते पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर.

कंपाउंडाची भिंत तर मुळीच नको. चिऱ्यांचा कोरडा गडगा घाल, दगडांच्या फटींतून पाणी जातं, मुंगूसही जातं.

आता पाण्याचं. हे मन लावून ऐक, कारण माझ्या मते बेटावरचं घर किती मोठं असावं हे पैशाने नाही, पाण्याने ठरतं. खारं पाणी गोड्यापेक्षा जड. म्हणून बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. पुस्तकातला हिशेब असा की समुद्राच्या पातळीवर हातभर गोडं पाणी असेल तर पातळीखाली चाळीस हात असतं. ऐकायला छान. पण उलट लाव तो हिशेब. वरचं हातभर उपसलंस की खालचं खारं चाळीस हात वर सरकणार. प्रत्यक्षात दगडाप्रमाणे हे कमीजास्त होतं, चाल मात्र तीच. पावसाळ्यात मांडवी इथे जवळजवळ गोडी असते, मे महिन्यात खारट, आणि बोअरवेलचा पंप लोक नेमका मे महिन्यातच दिवसभर चालवतात. तू बोअर मारू नकोस. उघडी विहीर असलेली जागा बघ, आणि तिचं पाणी मे अखेरीला चाखून बघ.

पाऊस मात्र भरपूर आहे. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर. 100 चौरस मीटरच्या छपरावर 3 लाख लिटर पडतं. पाचवा हिस्सा उडाला-सांडला धर, तरी 2 लाख 40 हजार उरतं. सगळं साठवायला घराएवढी टाकी लागेल, तो वेडेपणा करू नकोस. चौघांच्या पिण्या-रांधण्याला दिवसाला 40 लिटर, ऑक्टोबर ते मे 240 दिवस, म्हणजे झाले 9,600. दहा हजारांची एक टाकी पुरे. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, कौलांची धूळ जाईपर्यंत. उरलेलं विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरव. आणि लॉन नको, मने. पुण्यातल्या सोसायटीची हौस इथे आणू नकोस.

तेच पाणी घाण करू नकोस म्हणजे झालं. जांभा दगड सच्छिद्र, शोषखड्ड्यातलं सगळं झिरपत विहिरीत येतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घे. संडासाला जमलं तर बायोडायजेस्टर टाकी बसव, संरक्षण संशोधन संस्थेने सैनिकांसाठी काढलेली ती पद्धत आहे. न्हाणीघराचं पाणी केळी-कर्दळीला. आपली आजी काय वेगळं करायची?

आणि भिंती. दिवाडीला रस्त्याचा पूल नाही. जुनं गोवं, रायबंदर, नार्वे, तिन्हीकडून फेरीबोटच. सिमेंटचं प्रत्येक पोतं ट्रकात, ट्रक फेरीत, आणि उरलेला राडारोडा परत न्यायला कुणी तयार नसतो. रात्री तो खाजणात जातो. म्हणून जे बेटावर आहे ते आधी वापर. पडक्या घरांचे चिरे, फणसाचे वासे, मंगलोरी कौलं मिळतात, विचारत फिरावं लागतं. गिलावा चुन्याचा कर. मी जुन्या चिऱ्यांच्या भिंतीला सिमेंट फासलं, ओल आत कोंडली, दोन पावसाळ्यांत हा एवढा लोणा लागला आणि पोपडे गळायला लागले. शेवटी सगळं खरवडून चुना लावला. गवंडी म्हणाला, "बाय, हें आदींच सांगूंक जाय आशिल्लें." सांगायला तोच हवा होता, पण असो.

खरं सांगू? माझा सल्ला विचारशील तर बांधूच नकोस. पडवीची, बलकांवाची कितीतरी जुनी घरं बंद पडली आहेत. वारस कुणी लिस्बनला, कुणी लंडनला, त्यामुळे विकत घेणं किचकट, पण लांब मुदतीच्या भाड्याने देतात. उभं घर दुरुस्त करण्याइतकं कमी नुकसान कुठलंच नवं घर करत नाही, मग त्यावर सौर पॅनेल लावा नाहीतर काही. माहीत आहे, तुला नवं हवंय. माझ्या घराचं सांगून तुझी हौस मोडत नाही. निदान लहान बांध. पाहुण्यांची खोली वर्षातून आठ दिवस वापरतेस, तेवढ्यासाठी शंभर पोती सिमेंट फेरीने कशाला?

जुलैत ये. आर्किटेक्टला सध्या आणू नकोस, गमबूट आण. त्या प्लॉटवर तुला भर भरतीच्या वेळी नेऊन उभं करते.