पडद्याला आज्ञा कशी द्यावी?

संगणकाने पाठवलेला मजकूर पडद्यावर उमटतो. पण संगणकाला पडद्याला ‘सगळे पुसून टाक’ असे सांगायचे असेल, तर? दोघांना जोडणारी तार एकच. मग हे शब्दच पडद्यावर उमटायचे नाहीत का? या कोड्याचे उत्तर आपण ‘व्हीटी १००’ या टर्मिनलच्या उदाहरणाने पाहू. पडदा व कळफलक यांचे हे यंत्र अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली बाजारात आणले. ते सिरियल पोर्टमार्फत संगणकाला जोडलेले असे.

सिरियल म्हणजे एकामागून एक. अरुंद दारातून मुले रांगेने बाहेर पडावीत, तसे या पोर्टमधून बिट जातात. एका अक्षराचे ८ बिट, त्यांच्याआधी आरंभाचा १ आणि शेवटी समाप्तीचा १, असे १० बिट धरू. सेकंदाला ९६०० बिट हा वेग असेल, तर सेकंदात ९६० अक्षरे पोहोचतील.

‘आस्की’ या संकेतात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५. परंतु ० ते ३१ हे क्रमांक छापायच्या अक्षरांचे नसून नियंत्रणाच्या खुणांचे आहेत. त्यांपैकी २७ वी खूण म्हणजे ‘एस्केप’. तिचा अर्थ असा : ‘पुढची अक्षरे छापू नकोस, ती आज्ञा समज.’ तिच्यामागून चौकोनी कंस, मग आकडे आणि शेवटी एक अक्षर येते. कोणती आज्ञा ते या अक्षरावरून कळते आणि आज्ञा तेथेच संपते. (ही अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीतील समजावीत.)

एस्केप [ २ जे — सारा पडदा पूस.
एस्केप [ १२; ४० एच — कर्सर १२ व्या ओळीच्या ४० व्या रकान्यात ने.

याचा फायदा केवढा, ते पाहा. पडद्यावर २४ ओळी व ८० रकाने, म्हणजे १९२० जागा. भट्टीचे तापमान दर सेकंदाला दाखवायचे आहे, असे समजा. सारा पडदा पुन्हा लिहायचा तर २ सेकंद लागतील आणि दिसणारा आकडा शिळा ठरेल. त्याऐवजी कर्सर योग्य जागी नेण्यास ८ अक्षरे आणि नव्या तापमानाचे ३ आकडे, अशी ११ अक्षरे पुरतात. त्यांना सेकंदाचा सुमारे नव्वदावा भाग लागतो!

मात्र वाटेत एस्केपची खूण हरवली, तर पडदा पुसला न जाता त्यावर ‘[२जे’ असे उमटते. आज्ञा आणि मजकूर यांत फरक तेवढ्या एका खुणेचा. व्हीटी १०० आता मागे पडले, पण आजच्या संगणकांवरील टर्मिनलच्या खिडक्याही याच आज्ञा पाळतात.

आता तुम्ही सांगा : पडदा पुसून ५ व्या ओळीच्या १० व्या रकान्यात फक्त ‘ए’ छापायचा आहे. एस्केप धरून एकूण किती अक्षरे पाठवावी लागतील? (उत्तर : १२)