फाइलच्या नावावर जाऊ नका

संगणकावरच्या फाइलवर विश्वास ठेवताना आपण बहुतेक वेळा फक्त तिचं नाव वाचतो. माझं म्हणणं असं, की नाव हा फाइलच्या ओळखीतला सगळ्यात कच्चा दुवा आहे. युनिक्स घराण्यातल्या संगणकांत तर फाइलच्या मूळ नोंदीत नाव नसतंच. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे आहे, अशा गोष्टी त्या नोंदीत असतात. नाव असतं फोल्डरच्या यादीत, आणि एकाच फाइलला अशी चार नावंही देता येतात. विंडोज मात्र नावातल्या टिंबापुढची अक्षरं पाहून फाइल कशात उघडायची ते ठरवतं आणि ओळखीची अक्षरं आपल्यापासून लपवूनही ठेवतं. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूने याचाच फायदा घेतला. जोडपत्राच्या नावात आधी साध्या मजकुराचं 'टीएक्सटी' होतं आणि खरं, प्रोग्रामचं 'व्हीबीएस' त्याच्यामागे होतं. शेवटचं लपल्यामुळे लोकांना साधं प्रेमपत्र दिसलं आणि त्यांनी ते उघडलं. आज व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी, फाइल तीच युक्ती वापरते. म्हणून विंडोजमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवण्याची खूण आजच सुरू करा, आणि पत्रिकेच्या नावाखाली एपीके आली तर तिला हात लावू नका.

मग खरी ओळख कुठे असते? पहिला धागा फाइलच्या पोटातच मिळतो. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने होते आणि पुढे पी, डी, एफ ही अक्षरं येतात. झिप फाइल 'पीके'ने सुरू होते. ती तिचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. पण वर्डची डॉक्स फाइलही आतून झिपच असते, त्यामुळे तीही 'पीके'नेच सुरू होते. म्हणजे पहिल्या अक्षरांवरून जात कळते, माणूस कळत नाही. नेमकी हीच फाइल ना, हे विचारायचं तर सगळ्या मजकुराचा गणिती ठसा काढावा लागतो. त्याला हॅश म्हणतात. एसएचए-256 या पद्धतीने कितीही मोठ्या फाइलचा ठसा 64 अक्षरांचाच येतो, आणि आत एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार वेगळा होतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा आहे. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. एक, ठसा जुळला म्हणून फाइल चांगली ठरते का? नाही. दोन फाइली एकच आहेत, एवढंच तो सांगतो. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या कार्यप्रणालीच्या संकेतस्थळात घुसलेल्यांनी डाउनलोडचा दुवा बिघडवलेल्या प्रतीकडे वळवला होता. अशा वेळी ठसाही त्याच पानावर छापलेला असेल, तर घुसखोर तोही बदलू शकतो. म्हणून ठसा दुसऱ्या वाटेने मिळवावा, किंवा कर्त्याची डिजिटल सही तपासावी. दुसरा आक्षेप असा, की ठसेही फुटले आहेत. खरं आहे. एमडी5 ही ठशाची जुनी पद्धत 2004 मध्ये फुटली, आणि 2017 मध्ये ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी एकाच एसएचए-1 ठशाच्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या. कॉपी करताना झालेली चूक पकडायला हे जुने ठसे आजही पुरतात, पण मुद्दाम केलेल्या बनावटीपुढे ते टिकत नाहीत.

हा भेद आता कोर्टकचेरीतही महत्त्वाचा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात ठसा लिहायची जागा आहे, आणि पर्यायांत एमडी5 व एसएचए-1 अजूनही आहेत. मला ही ढिलाई खटकते. निवड आपल्या हातात असेल तर एसएचए-256च निवडा. शिवाय ठसा काढण्याआधी फाइलचं काय झालं, हे तो सांगू शकत नाही, म्हणून तो मूळ फाइलवरून आणि लवकरात लवकर काढा. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल वाटेत दाबून लहान केली जाते आणि तिचा ठसा बदलतो. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ प्रत फोनमधून पुसू नका.