अर्धा माल जळगावात, अर्धा धुळ्यात

प्रश्न : आमचे केळी वेफर्स आणि बिबड्यांचे ऑनलाइन दुकान आहे. माल जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे असतो. कोणती ऑर्डर कुठून पाठवायची हे आपोआप कसे ठरवावे?

उत्तर : आधी मोजणी नीट करा, मग नियम लावा. धुळ्यात बिबड्यांची 20 पाकिटे आहेत, त्यातली 6 आधीच्या ऑर्डरींसाठी बांधून ठेवली आणि 4 काउंटरवरच्या गिऱ्हाइकांसाठी राखली, तर साइटवर 10च दिसली पाहिजेत. काउंटरची विक्री त्याच क्षणी नोंदवली नाही, तर कुठलाही नियम फसणारच.

पूर्ण ऑर्डर ज्या एका ठिकाणाहून निघू शकते, तिथूनच जाऊ द्या. वेफर्स जळगावहून आणि बिबड्या धुळ्याहून, म्हणजे कुरियरचा खर्च दोनदा. दोन्हीकडे सगळा माल असेल तेव्हाच अंतर बघा. इथे पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवर विसंबू नका. जळगाव शहर 425001 आणि शिरपूर 425405, पण शिरपूर धुळे जिल्ह्यात, धुळ्यालाच जवळ. उलट चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असूनही धुळ्याला जवळ. म्हणजे जिल्हा बघूनही भागत नाही. तालुकावार यादी हाताने बनवा. एका बैठकीत होते.

आणखी एक. दुसरे गोदाम जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून दाखवलेले हवे, आणि त्या जागेसाठी अन्न परवानाही वेगळा लागतो. तो नसेल, तर मिळेपर्यंत तिथून एकही पाकीट पाठवू नका.