शेतातील आकडे आणि दूरचा संगणक

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत केवड्याचा धोका ओळखावयाचा असल्यास पाने किती तास ओली राहिली व त्या वेळी तापमान किती होते, हे जाणणे अगत्याचे असते. पाऊस थांबला तरी दवामुळे पाने रात्रभर ओली राहू शकतात, आणि त्या वेळी बागाईतदार घरी निजलेला असतो. फवारणी उशिरा झाली तर घड हातचे जातात. नाहक केली तर औषधाचा खर्च अंगावर पडतो. याच कारणाने नाशिक जिल्ह्यातील काही बागांत पानांचा ओलेपणा व जमिनीतील ओल मोजणारी उपकरणे आता दिसू लागली आहेत.

ही उपकरणे ठरावीक वेळाने काही आकडे बिनतारी पाठवितात. मोबाइलची रेंज चांगली असल्यास सिमकार्ड पुरते. जेथे ती नाही तेथे ‘लोरा’ ही पद्धत योजता येते. हिला वीज अत्यल्प लागत असल्याने उपकरण एका बॅटरीवर काही वर्षे चालू शकते व मोकळ्या रानात संदेश काही किलोमीटर जातो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात कमी शक्तीच्या अशा यंत्रांस परवाना लागत नाही. मात्र या मार्गाने पोस्टकार्डावर मावेल इतकाच मजकूर जातो. रोगट पानाचे छायाचित्र पाठविणे साधणार नाही. टेकडी आडवी आली की अंतरही घटते. म्हणून संदेश गोळा करणारा ‘गेटवे’ उंच जागी बसविणे इष्ट.

गेटवेकडून आकडे इंटरनेटद्वारे ‘क्लाउड’कडे जातात. नाव ढगाचे असले तरी हे संगणक जमिनीवरच, मोठ्या इमारतींत असतात. मुंबईतही अशी केंद्रे आहेत. ट्रॅक्टर विकत न घेता तासावर भाड्याने आणावा, तसाच हा प्रकार होय. अॅमेझॉनने अशी सेवा २००६ मध्ये सुरू केली. भारत सरकारचा ‘मेघराज’ २०१४ मध्ये आला.

अडचण उद्भवते ती संपर्क तुटल्यावर. ठिबकाचा व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा दूरच्या संगणकाकडूनच येत असेल, तर व्हॉल्व्ह उघडा राहून विहिरीचे पाणी वाया जाते. यावर उपाय म्हणून निर्णयाचे काम शेताजवळच्या लहान संगणकाकडे सोपविण्याची रीत रूढ होत आहे. इंग्रजीत तिला ‘एज कंप्युटिंग’ म्हणतात. बांधावरचा संगणक म्हटले तरी अर्थ तोच. रेंज नसतानाही तो पाणी बंद करतो, आकडे साठवितो आणि संपर्क येताच पुढे धाडतो.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: रेंज गेल्यास व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो काय, आणि वार्षिक वर्गणी थांबविल्यावर जुन्या नोंदी शेतकऱ्यास मिळतात काय. दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः तीन-चार हंगामांच्या नोंदी हीच या खर्चातील सर्वांत मोलाची प्राप्ती होय.

पानांचा ओलेपणा मोजणारी पट्टी उघड्या उन्हात न लावता वेलीच्या पानोऱ्यात लावावी. फवारणीनंतर तिच्यावर औषधाचा थर बसतो. तो ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यावा.