रिमोटवाचून जुना टी.व्ही. : एक घरगुती अभ्यास

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. परंतु गेल्या दिवाळीत हा प्रश्न माझ्याच हातून आमच्या घरात उभा राहिला आणि तो सोडविण्यासाठी मला चार गोष्टी शिकाव्या लागल्या. त्या इतरांच्याही उपयोगी पडतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे १९९८ साली घेतलेला २१ इंची रंगीत टी.व्ही. आहे, जाड काचेचा, पाठीला भलेमोठे कुबड असलेला. दिवाळीच्या साफसफाईत त्याचा रिमोट मी रद्दीच्या ढिगाबरोबर देऊन टाकला. चूक लक्षात आली तेव्हा रद्दीवाला केव्हाच निघून गेला होता. टी.व्ही. सुरू केला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुढच्या झाकणाखालची बटणे कशीही दाबत राहिले की कधीतरी चित्र येई. पण ते कशाने आले, हे कोणालाच सांगता येत नसे. बाबा म्हणाले, "देऊन टाकू भंगारात."

आजी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मालिका बघायची. पहिले काही दिवस ती आम्हाला हाक मारी. आम्ही "आलो, थांब गं" म्हणत असू आणि जात नसू. मग तिने टी.व्ही. बघणेच सोडले. "डोळे दुखतात रे," एवढेच म्हणाली. मला ते खरे वाटले. एके दिवशी ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "दर वेळी पोरांना हाक मारायची, बरं नाही वाटत." ते ऐकून मला माझीच लाज वाटली.

आमच्या मागच्या गल्लीत टी.व्ही. दुरुस्त करणारे एक कन्नडभाषिक अण्णा आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिला धडा दिला तो असा : "मोदल नोडु, आमेल मुट्टु." म्हणजे आधी बघ, मग हात लाव. पुढचे सर्व काही मी त्यांच्याकडून आणि स्वतः करून शिकलो.

प्रथम रिमोट करतो काय ते पाहू. त्याच्या टोकाला एक लहान दिवा असतो. त्याचा प्रकाश अवरक्त असल्याने आपल्याला दिसत नाही. बटण दाबले की तो सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यातून सांकेतिक आज्ञा टी.व्ही.कडे जाते. प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी. म्हणून शेजाऱ्यांचा रिमोट आपल्या टी.व्ही.ला बहुधा कळत नाही. घरात एखादा रिमोट मेल्यासारखा वाटला, तर तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पुष्कळ मोबाइलच्या पडद्यावर, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यातून, तो दिवा जांभळट चमकताना दिसतो. चमकला तर रिमोट जिवंत आहे. न चमकल्यास आधी सेल बदलावेत आणि सेलच्या पत्र्यांवर साचलेली पांढरी भुकटी पुसून काढावी.

आमचा रिमोट तर गेलाच होता. तेव्हा दुसरा धडा पुढच्या बटणांचा. बहुतेक जुन्या संचांवर मुख्य बटण, आवाजाची दोन, चॅनेलची दोन आणि काहींवर टी.व्ही./ए.व्ही. असे एक बटण असते. मुख्य बटण दाबूनही नुसता लाल दिवा लागला, तर संच झोपेत आहे असे समजावे. अनेक संच चॅनेलचे बटण दाबल्यावर जागे होतात. मेनूचे बटण नसेल तर काही संचांत आवाजाची दोन्ही बटणे एकदम दाबल्यावर मेनू उघडतो. पुढची बटणे अजिबात दाद देत नसतील, तर लहान मुलांसाठी घातलेले कुलूप चालू असण्याचा संभव असतो; ते बहुधा रिमोटनेच निघते.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे आता बहुतेक बंद झाली आहेत आणि केबल २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. त्यामुळे आता चॅनेल जुना टी.व्ही. बदलतच नाही, ते काम सेट टॉप बॉक्सचे. बॉक्सला स्वतःचा रिमोट असतो. त्यावर चॅनेलही बदलते आणि आवाजही. टी.व्ही.ने फक्त सुरू व्हायचे आणि ए.व्ही.वर थांबायचे. बॉक्सची पिवळी वायर चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. आमच्या संचावर ए.व्ही.चे वेगळे बटण नाही. अण्णांच्या सांगण्यावरून मी चॅनेल कमी करण्याचे बटण एकेकदा दाबत, प्रत्येक वेळी पडद्याकडे बघत गेलो. पहिल्या चॅनेलच्या खाली ए.व्ही. सापडले! संच सुरू होतो पहिल्या चॅनेलवर, म्हणजे मुंग्यांवर. तेथून एकदाच खाली उतरायचे. महिनाभर आम्ही ज्याला नशीब म्हणत होतो, ते एका बटणाचे काम होते.

ज्या संचाला ए.व्ही.ची भोकेच नाहीत, त्याला मॉड्युलेटर नावाची लहान डबी अँटेनाच्या जागी जोडावी लागते आणि त्या डबीचे चॅनेल संचावर लावून घ्यावे लागते. बाजारात सर्व कंपन्यांना चालणारे रिमोटही मिळतात. मात्र आपला संच त्यांच्या यादीत आहे की नाही, ते घेण्यापूर्वी तपासावे. एक धोक्याची सूचना : पाठीचे झाकण स्वतः कधीही उघडू नये. रंगीत नळीत वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

आता प्रश्न उरला आजीचा. तिला बारीक अक्षरे दिसत नाहीत. मी आईची खड्याची टिकली मुख्य बटणावर आणि साधी टिकली चॅनेलच्या खालच्या बटणावर लावली. टी.व्ही.चा आवाज मध्यावर ठेवला, म्हणजे पुढचे सर्व बॉक्सच्या रिमोटवर भागते. आजीला सांगितले, "आधी खडा, मग मुंग्या दिसल्या की टिकली." ती म्हणाली, "एवढंच होय? आमच्या पहिल्या टी.व्ही.ला खटका फिरवायचो की आम्ही!"

रिमोटचा इतिहास वाचताना एक गंमत आढळली. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली पहिला वायरचा रिमोट काढला, त्याचे नाव 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडे. १९५५ साली यूजीन पॉली यांनी प्रकाशझोताचा, तर १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी ध्वनीचा रिमोट आणला. त्यात बटण दाबले की ॲल्युमिनियमच्या कांडीवर लहान हातोडी बसे आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा नाद निघे. आळशांची सोय म्हणून ही वस्तू जन्मली खरी. परंतु आमच्या घरात तिच्यावर एका म्हाताऱ्या माणसाचे स्वावलंबन अवलंबून होते, हे ती हरवल्यावर मला कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत अभ्यास करीत बसलो होतो. कोणीही हाक मारली नाही आणि बाहेरून मालिकेचे संगीत ऐकू आले. मी उठलो नाही.

घसाऱ्याच्या हिशेबात या टी.व्ही.ची किंमत आता काहीच नाही, असे मी बाबांना सांगणार होतो. पण घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत मालमत्ता कितीही जुनी झाली तरी तिची किंमत पूर्ण शून्य होत नाही, हे आम्हाला वर्गात शिकवले आहे. परीक्षेसाठी पाठ केलेला तो नियम मला आमच्या बैठकीच्या खोलीत पटला. टी.व्ही. भंगारात गेला नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा संच पडून असेल, तर त्यांनी तो विकण्यापूर्वी एकदा पुढचे झाकण उघडून पाहावे; आणि घरातले कोणी हाक मारायचे थांबले असेल, तर ते का थांबले, हेही विचारावे.