डोळे येणे आणि लेन्सची काळजी

पावसाळ्यात वस्तीत एकाचे डोळे आले की घरोघरी येतात. २०२३ च्या जुलैत आळंदीत सुरू झालेली साथ पुढे राज्यभर पसरली होती. डोळे आलेल्याकडे नुसते बघितल्याने ते येत नाहीत. हात, टॉवेल, उशी यांवाटे विषाणू पसरतो. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे रुग्णाला वेगळी खोली कुठून देणार? पण टॉवेल, उशी आणि काजळाची डबी नक्कीच वेगळी ठेवता येते. हात साबणाने वरचेवर धुवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असले तर लाली झटकन उतरते, आतली जखम मात्र चिघळू शकते.

आता लेन्सबद्दल. हल्ली लग्नासाठी रंगीत लेन्स लावतात, मैत्रिणी त्या एकमेकींना देतातही. हे अजिबात करू नये. लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नका, फिल्टरच्याही नाही. पाण्यात अकांथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा पोखरतो; उपचार महिनोन्‌महिने चालतात, कधी दृष्टीही जाते. डबीतले जुने द्रावण रोज ओतून द्या, त्यातच नवे मिसळू नका. डबी दर तीन महिन्यांनी बदला. झोपताना आणि अंघोळीआधी लेन्स काढा.

डोळा दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, तपासणीसाठी सोबत न्या.